शिनचॅनच्या बाबांचं कर्ज

तुमच्या घरी टीव्हीवर कार्टून लागलं की मोठी माणसं काय करतात हो? आमच्याकडे दोन तऱ्हा होत्या. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंद कर गं ते, अभ्यास झाला का?" आणि बाबा काहीच म्हणायचे नाहीत. ते पेपर उघडून बसायचे. पण मधूनच पेपराच्या मागून 'हुंक' असा एक आवाज यायचा. हसू दाबल्यावर नाकातून येतो ना, अगदी तसा!

मला त्या आवाजाचं मोठं कोडं पडायचं. कारण मी जिथे हसायचे तिथे तो यायचाच नाही. मी हसायचे शिनचॅन धपकन पडला, त्याच्या डोक्यावर आईनं ठोसा मारला आणि टेंगूळ आलं की. बाबांचं 'हुंक' यायचं भलत्याच ठिकाणी. पडद्यावर कुणी पडत नाही, कुणी धावत नाही, नुसता एक दमलेला माणूस दारात बसून बूट काढतोय, आणि हे आपले पेपराआड हसताहेत! मी विचारायचे, "बाबा, काय झालं?" ते म्हणायचे, "काही नाही. बातमी वाचत होतो."

त्या 'हुंक'ची गोष्ट आज तुम्हाला सांगते. आणि हा अंक मुलांच्या हातातून घेऊन आधी स्वतः वाचणाऱ्या आई-बाबांनो, तुम्हीही ऐका. तुम्हाला ती जास्त लवकर कळेल.

आम्ही राहायचो गोवंडीला. हार्बर लाइनवर चेंबूर आणि मानखुर्द यांच्या मधलं स्टेशन. गोवंडी म्हटलं की लोक नाक मुरडतात, कारण जवळच देवनारचं डंपिंग ग्राउंड आहे. मुंबईचा कचरा तिथे १९२७ सालापासून पडतोय, म्हणजे माझ्या आजोबांच्याही जन्माआधीपासून. वारा त्या बाजूनं आला की आई पटापट खिडक्या लावून घ्यायची. पण खिडकी लावली की घर केवढंसं वाटायचं! एक खोली आणि एक स्वयंपाकघर. टीव्ही त्या एका खोलीत. म्हणजे टीव्ही बघायचा नाही असं कुणी ठरवलं, तरी त्याला निदान ऐकावा तरी लागायचाच.

मी तिसरीत होते तेव्हा, २००६ साली, हंगामा टीव्हीवर शिनचॅन हिंदीतून सुरू झालं. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिलं असेल. नसेल पाहिलं तर थोडक्यात सांगते. पाच वर्षांचा एक व्रात्य मुलगा, शिनचॅन. जाड भुवया, लाल शर्ट, पिवळी चड्डी. त्याची आई मित्सी, बाबा हॅरी, तान्ही बहीण हिमावारी आणि शिरो नावाचा कुत्रा. गंमत बघा, हिमावारी म्हणजे जपानी भाषेत सूर्यफूल आणि शिरो म्हणजे पांढरा. म्हणजे आपल्याकडे कुत्र्याला 'पांढऱ्या' म्हणावं तसंच! हॅरी आणि मित्सी ही मात्र हिंदीतली नावं. मूळ जपानीत ते आहेत हिरोशी आणि मिसाए, आडनाव नोहारा. राहतात टोकियोच्या उत्तरेला, साइतामा प्रांतातल्या कासुकाबे नावाच्या गावात. हे गाव खरंखुरं आहे बरं का. गाव कसलं, टोकियोला रोज जाणाऱ्या-येणाऱ्या नोकरदारांचं उपनगरच ते. आपल्या डोंबिवलीसारखं म्हणा ना.

आता या गोष्टीत घडतं काय? खरं सांगू? काहीच नाही! मित्सी दुपारी पाच मिनिटं आडवी होते आणि तिला डोळा लागतो. सेल लागला की ती धावत सुटते आणि नको असलेलं सामान घेऊन येते, का तर ते स्वस्त होतं! घरखर्चातून चार पैसे बाजूला काढून ती लपवून ठेवते आणि हॅरीही त्याचे थोडे लपवतो, आणि दोघांनाही वाटतं दुसऱ्याला ठाऊक नाही. शिनचॅनची शाळेची बस रोज चुकते, मग मित्सी त्याला सायकलवर मागे बसवून जिवाच्या आकांतानं पायडल मारते. हॅरीच्या मोज्यांचा इतका भयंकर वास येतो की ते हत्यार म्हणून वापरता येतात. (आमच्या गोवंडीत त्या मोज्यांचं कुणाला काही वाटलं नसतं!) बस्स. ना राक्षस, ना जादू.

आणि तरी मी खिळून बसायचे. आमच्या इमारतीतली सगळीच मुलं बसायची. तळमजल्यावरच्या खानचाचींचा मुलगा आणि मी, आम्ही दोघं तर शिनचॅनसारखं नाकातून, सूर लावून बोलायचो. त्यावरून त्याला त्याच्या अम्मीचा आणि मला माझ्या आईचा एकाच वेळी मार बसलेला आहे.

आईचा त्या मालिकेवर भारी राग. "कार्टं मोठ्यांना उलट बोलतं. आईला नावानं हाक मारतं. काय शिकणार तुम्ही यातून?" आणि आई एकटी नव्हती. मोठी झाल्यावर वाचलं तर कळलं, खुद्द जपानातसुद्धा पालक-शिक्षक संघटना पाहणी करायच्या, तेव्हा मुलांना दाखवू नयेत अशा कार्यक्रमांत शिनचॅनचं नाव वर्षानुवर्षं वर असायचं. आपल्याकडेही तक्रारी झाल्या, २००८च्या अखेरीस ते बंद पडलं आणि पुढच्या वर्षी काटछाट करून परत आलं.

पण यातली मोठीच गंमत पुढे आहे. शिनचॅन मुळात मुलांसाठी नव्हतंच! योशितो उसुई नावाच्या चित्रकारानं १९९० साली ते काढायला सुरुवात केली, ती मोठ्या माणसांच्या एका चित्रकथा साप्ताहिकात. ऑफिसला जाणारी माणसं गाडीत वाचायची म्हणे असली साप्ताहिकं. १९९२ साली त्याचं कार्टून झालं आणि मग मुलांनी ते पळवलं. म्हणजे मी आणि खानचाचींचा मुलगा ज्याला 'आपलं' समजत होतो ते खरं बाबांचं होतं. आम्हीच पेपराआडून बघायला हवं होतं!

आता त्या 'हुंक'कडे येते.

हॅरी रोज गच्च भरलेल्या गाडीनं ऑफिसला जातो. लटकत, चेंगरत, दाराच्या काचेला गाल चिकटलेला. माझे बाबा फोर्टात एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करायचे. रोज सकाळी गोवंडीहून गाडी. त्या वेळी हार्बरच्या गाड्या नऊच डब्यांच्या. पनवेल-वाशीहून भरून आलेल्या. कुर्ल्याला थोडी माणसं उतरायची आणि तेवढीच चढायची. मग चुनाभट्टी, वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड करत करत सीएसटी. बाबा मात्र 'व्हीटी'च म्हणायचे. आता तर त्याचं नाव आणखी मोठं झालं आहे. संध्याकाळी परत तेच, उलटं.

हॅरी मूळचा कासुकाबेचा नाही. तो आला उत्तरेकडच्या, भाताची शेती असलेल्या आकिता प्रांतातून, आणि मित्सी पार दक्षिणेकडच्या कुमामोतोहून. दोन्हीकडचे आजोबा मधूनच न कळवता उगवतात आणि मित्सीची त्रेधा उडते. माझे बाबा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. आई चिपळूणची. आमच्या इमारतीत मूळचं गोवंडीचं असं कुणी नव्हतंच. सगळे कुठून कुठून आलेले. उत्तर प्रदेशातून, तामिळनाडूतून, बीडहून, मालवणहून. आणि न कळवता उगवणारे पाहुणे? ते तर आमच्याकडे होतेच!

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. हॅरीनं घर घेतलंय कर्ज काढून. त्या कर्जाची बत्तीस वर्षं फेडायची राहिली आहेत. हे सगळ्या गल्लीला कसं कळतं? शिनचॅन सांगतो! पाहुणा आला, शेजारीण आली, रस्त्यात कुणी भेटलं की हा मोठ्या आवाजात जाहीर करतो, आमच्या घराचं बत्तीस वर्षांचं कर्ज बाकी आहे म्हणून. आणि मग दोन-तीन सेकंद कुणीच काही बोलत नाही. हॅरी नुसता बघत राहतो. एक भुवई जरा हलते. एवढंच.

पेपराआडचं 'हुंक' नेमकं त्या दोन-तीन सेकंदांत यायचं.

आमचं घर बाबांनी २००१ साली घेतलं होतं. वीस वर्षांच्या कर्जावर. मला कर्ज म्हणजे काय ते कळत नव्हतं. एवढंच कळायचं की महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास आई-बाबा हळू आवाजात बोलतात आणि आई डाळीच्या डब्यात हात घालते. मित्सीची पैसे लपवायची जागा कपाटात, आमच्या आईची तूरडाळीत.

मी एकदा बाबांना विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला यात काय आवडतं? तुम्ही तर मोठे आहात." तेव्हा ते म्हणाले, "अगं, तो पोरगा विनोद करतच नाही. तो खरं बोलतो. विनोद बाकीच्यांच्या तोंडावर होतो." मग जरा विचार करून म्हणाले, "आमच्या शाळेत चिमणरावांची पुस्तकं होती. तसंच आहे हे."

चि. वि. जोशींचे चिमणराव तुम्हाला ठाऊक आहेत ना? नसतील तर वाचनालयात जाऊन आजच पुस्तक मागा. साधा नोकरदार माणूस. बायको काऊ, मोरू, मैना, राघू ही मुलं आणि दणकट मावसभाऊ गुंड्याभाऊ. पुढे मुंबई दूरदर्शनवर त्यांची मालिका झाली, त्यात दिलीप प्रभावळकर चिमणराव होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तुमच्या आजी-आजोबांना विचारून बघा, लगेच हसायला लागतील. चिमणराव आपली फजिती अगदी गंभीरपणे सांगतात. ते स्वतः हसत नाहीत, म्हणून आपण हसतो.

मला तेव्हा वाटलं, बाबा आपले काहीतरीच जोडताहेत. कुठे चिमणराव, कुठे शिनचॅन! आता वाटतं, किती बरोबर बोलले. कारण घरातल्या माणसांवरचं असं हसू जगात सगळीकडे आहे. अमेरिकेत १९६० साली 'द फ्लिंटस्टोन्स' नावाचं कार्टून आलं. अश्मयुगातलं कुटुंब, पण सगळं आपल्यासारखं. ग्रामोफोनला सुई नाही, तिथे चोच टेकवणारा पक्षी. घरकामाचं यंत्र म्हणून हत्ती नाहीतर आणखी कुणी प्राणी, आणि तो काम करता करता मध्येच आपल्याकडे बघून सुस्कारा टाकतो, पोटासाठी करावं लागतं बाबा, असा! ते रात्री दाखवायचे, कारण मोठी माणसं बघत. त्याचे १६६ भाग झाले. आपल्याकडे १९९५ साली कार्टून नेटवर्क आलं तेव्हा ज्यांच्या घरी केबल होती त्यांनी ते पाहिलं. आणि जपानात तर १९६९पासून दर रविवारी संध्याकाळी 'साझाए-सान' लागतं, ते आजपर्यंत चालूच आहे! त्या कुटुंबातल्या सगळ्यांची नावं समुद्राशी नातं सांगणारी. बाईचं नाव शंखावरून, भावाचं माशावरून, बहिणीचं समुद्रातल्या शेवाळावरून, आईचं होडीवरून. म्हणजे आपल्याकडे एका घरात सुरमई, बांगडा आणि बोंबील नांदावेत तसं. तिकडचे नोकरदार म्हणतात, साझाए-सान संपलं की पोटात गोळा येतो, कारण मग रविवारही संपतो आणि उद्या ऑफिस. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यासाठी टीव्ही कशाला हवा? रविवारी संध्याकाळी डबा घासलेला दिसला की मला तसंच होतं."

पण हे फार पुढचं. मला ती गोष्ट सांगायची आहे जी २००८च्या मे महिन्यात घडली, आणि जी सांगायला मला अजून थोडी लाज वाटते.

त्या वर्षी मार्चमध्ये बाबांच्या कंपनीनं फोर्टातलं ऑफिस बंद केलं आणि सगळा कारभार गुजरातेत हलवला. बाबांना म्हणाले, तिकडे या, नाहीतर हिशेब घ्या. आईची शिवणकामाची गिऱ्हाइकं इथे, माझी शाळा इथे, घर इथे, कर्ज इथे. बाबांनी हिशेब घेतला. वाटलं होतं पंधरा दिवसांत दुसरी नोकरी लागेल. दोन महिने झाले तरी लागली नव्हती. बाबा सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, कागद घेऊन कुठे कुठे जाऊन यायचे आणि दुपारी घरीच असायचे. संध्याकाळचा पेपर आता सकाळीच वाचून झालेला असायचा. आणि पेपराआडचं 'हुंक' बंद झालं होतं. हे मात्र मला लगेच कळलं होतं हं!

अशात गावाहून आजोबा आले. कळवून आले नाहीत, अर्थातच. आंब्याची पेटी, बाजरीचं पीठ आणि एक कोंबडी. ती कोंबडी दोन दिवस आमच्या न्हाणीत होती, पण ते जाऊ दे. आईनं मला बाजूला घेऊन बजावलं, "आजोबांना बाबांच्या नोकरीचं बोलायचं नाही. त्यांना बीपीचा त्रास आहे. कळलं?" मी म्हणाले, "कळलं."

बाबांनी आजोबांना सांगितलं, तुमच्यासाठी रजा काढलीय. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी रात्री सगळे जेवायला बसलो होतो. शेजारचे काका-काकूही आजोबांना भेटायला आले होते. आजोबा भाकरी मोडत म्हणाले, "माझ्यापायी किती रजा काढशील बाळू? उद्या जा कामावर. साहेब रागवंल."

बाबा म्हणाले, "नाही नाही, साहेब चांगले आहेत."

आणि मी, अगदी शिनचॅनच्या आवाजात, नाकातून, सूर लावून म्हणाले, "आजोबाऽऽ, साहेब आहेतच कुठे? बाबांची नोकरी तर कधीच गेली! आणि आमच्या घराचं तेरा वर्षांचं कर्ज बाकी आहे!"

मित्रांनो, मी तुम्हाला शपथेवर सांगते, मला वाटलं सगळे हसतील. मी दोन-तीन सेकंद थांबलेसुद्धा, हसू येण्याची वाट बघत. टीव्हीवर तसंच होतं ना! सगळे गप्प होतात, मग हसू येतं. आमच्याकडेही सगळे गप्प झाले. पंखा तेवढा फिरत होता. शेजारच्या काकू उगाचच लोणचं वाढायला लागल्या. बाबांनी ताटाकडे बघितलं. त्यांची भुवई हलली नाही.

हसू काही आलं नाही.

आईनं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि एक सणसणीत धपाटा घातला. बाबा बाहेरून म्हणाले, "मारू नकोस तिला. ती काय खोटं बोलली?" आणि चपला घालून खाली निघून गेले. तेव्हा मला रडू आलं. धपाट्यानं नाही, त्या 'खोटं'वर. तोपर्यंत मला वाटायचं, शिनचॅन बोलतो तेव्हा हॅरीला काही होतच नाही. तो तर चित्रातला माणूस.

रात्री मी झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. एकाच खोलीत सगळे, त्यामुळे कुजबुजही लपत नाही. बाबा उशिरा परत आले आणि आजोबांच्या अंथरुणाजवळ बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजोबा म्हणाले,

"बाहत्तरच्या दुष्काळात म्या खडी फोडाया जात हुतो, ठावं हाय तुला?"

१९७२चा दुष्काळ म्हणजे केवढा, ते तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. माणदेशात तर विहिरी पार कोरड्या पडल्या होत्या. सरकारनं रस्त्याची, तलावाची कामं काढली होती. शेतकरी तिथे दगड फोडायला जायचे आणि मजुरी घ्यायचे, तिथे सुकडी मिळायची ती खायचे. ज्याच्या स्वतःच्या शेतावर कधी गडी राबले, तोही त्या रांगेत बसायचा.

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले.

"तुझ्या आज्याला आमी सांगितलं नव्हतं. म्हातारा आंथरुनाला खिळल्याला. त्याला वाटायचं, पोरगं शेतावर जातंय. शेतात काय हुतं, ढेकळं! मग येक दिवस त्याला कळलं. कुनी सांगितलं आसंल?"

बाबा काही बोलले नाहीत.

"तू! पाच वरसाचा हुतास. पाव्हन्यांच्या म्होरं म्हनलास, माझा बा दगडं फोडतो, त्याच्या हाताला फोड आल्यात, या दावतो."

पुन्हा शांतता. मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता. आणि मग अंधारात आवाज आला. 'हुंक'. दोन महिन्यांनी! पाठोपाठ दुसरा, जरा जाडा, खोकल्यासारखा. बाबांचं नाक आजोबांकडून आलंय, हे मला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी आईनं टीव्हीची वायर काढून ठेवली होती. आजोबा म्हणाले, "लाव गं सूनबाई. ते कोन पोरगं हाय ते बघू दे मला." मग मी आणि आजोबा शेजारी बसून बघत होतो. आजोबांना हिंदी फारशी कळत नव्हती. ते शिनचॅनकडे बघतच नव्हते. हॅरी घरी आला, दारात बसला, बूट काढायला लागला. आजोबा एकदम म्हणाले, "ह्यो बाप्या रोज असाच दमून येतो?"

"हो."

"मग त्याला पानी द्याया कुनी उठत कसं न्हाई?"

मी किती भाग पाहिले होते, शंभर तरी. मला हे कधी दिसलं नव्हतं.

बाबांना नोकरी लागली जुलैमध्ये. वाशीला. आजोबा तोवर गावी गेले होते, त्यांना फोन करून सांगितलं. पगार आधीपेक्षा थोडा कमी होता, पण एक मोठी चैन होती. सकाळची सगळी गर्दी मुंबईकडे जाते आणि बाबा जायचे उलट, मानखुर्दवरून खाडी ओलांडून. बसायला जागा! बाबा म्हणायचे, "एवढी वर्षं मी चुकीच्या फलाटावर उभा होतो." ती खाडीपलीकडची गाडी १९९२ साली सुरू झाली. शिनचॅनचं कार्टूनही त्याच साली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला आपलं सांगावंसं वाटलं.

शिनचॅनची आणखी एक खोड आहे, ती सांगायची राहिली. जपानमध्ये बाहेरून घरी आलेल्यानं 'तादाइमा' म्हणायचं असतं, म्हणजे 'मी आलो'. घरातल्यांनी म्हणायचं 'ओकाएरी', म्हणजे 'आलास का, ये'. शिनचॅन घरात शिरताना स्वतःच म्हणतो, 'ओकाएरी!' त्याची आई रोज त्याला सुधारते, तो रोज चुकतो. आपल्याकडेही निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, आणि घरातलं माणूस म्हणतं, 'लवकर ये.' वाशीच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी बाबा डबा घेऊन दारात उभे राहिले. मी दप्तर भरत होते. ते वळले आणि मला अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "लवकर ये हं."

मी म्हणाले, "बाबा, जाताय तुम्ही!"

"हो का?" म्हणाले, आणि जिना उतरले.

आता मी मोठी झालेय, नोकरी करते. आजोबा नाहीत. उसुईही नाहीत, २००९ साली डोंगरावर फिरायला गेले असताना ते कड्यावरून पडले. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी चित्रं चालू ठेवली. शिनचॅन अजून पाचच वर्षांचा आहे. हिमावारी अजून रांगते.

आमच्या घराचं कर्ज २०२१ साली फिटलं. बँकेतून कागद आले त्या दिवशी बाबांनी अर्धा किलो पेढे आणले, देवापुढे ठेवले, शेजारी वाटले. आजोबांच्या फोटोपुढेही एक ठेवला. आई कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. मग जेवणं झाली, बाबा नेहमीच्या जागी पेपर घेऊन बसले आणि बऱ्याच वेळानं पेपराआडून म्हणाले,

"बिचाऱ्या हॅरीची अजून बत्तीसच आहेत."